आत्मसंरक्षणाचा क्लास निवडताना

शाळा सुरू झाल्या की शहाड स्टेशनच्या वाटेवर, रिक्षांच्या पाठीवर आणि विजेच्या खांबांवर नवे फलक झळकू लागतात. कराटे, तायक्वांदो, किक बॉक्सिंग, मुलींसाठी वेगळी बॅच, पहिला आठवडा मोफत. उल्हासनगर कॅम्प १ मध्ये राहणाऱ्या आई-वडिलांना ही जाहिरात नवी नाही. मुलगी आठवीत गेली, ट्यूशन संध्याकाळी सातला सुटते, कॉलेजसाठी कल्याणला लोकलने जावे लागते, आणि घरात विषय निघतो: हिला कराटेला घालायचे का? अम्मी म्हणते घालू या. दादी म्हणते, मुलीच्या जातीला हे कशाला? अब्बू म्हणतात, फी किती? आणि क्लास कसा आहे हे न पाहताच, जो घराजवळ आहे त्याच्यात नाव घातले जाते. तीन महिन्यांनी मुलगी जायची बंद होते आणि पांढरा ड्रेस कपाटात पडून राहतो.

घालायचे की नाही, यावर या लेखात फार वाद घालायचा नाही. घालायचे ठरले तर कुठे, कुणाकडे आणि काय पाहून घालायचे, हे आपण शांतपणे पाहू. कारण चुकीचा क्लास म्हणजे नुसते पैसे वाया जाणे नव्हे. चुकीच्या माणसाच्या हातात आपण आपले मूल देत असतो.

कल्याणची हमीदा बानू

शहाडहून एक स्टेशन मुंबईकडे गेले की कल्याण. या कल्याणमध्ये आपल्या देशातील पहिल्या नामांकित महिला मल्लांपैकी एक, हमीदा बानू, आयुष्याची अखेरची वर्षे राहिली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मूळची उत्तर प्रदेशची हमीदा सलाम पहेलवान या वस्तादाकडे कुस्ती शिकायला अलिगढला गेली. १९४०-५० च्या दशकांत तिने पुरुष मल्लांना उघड आव्हान दिले. १९५४ मध्ये तर तिने जाहीर केले की जो मला कुस्तीत हरवेल त्याच्याशी मी निकाह करीन. त्या वर्षी मे महिन्यात बडोद्याला बाबा पहेलवान तिच्यासमोर उभा राहिला आणि एक मिनिट ३४ सेकंदांत चीत झाला.

आपल्या महाराष्ट्रात मात्र तिचे स्वागत सगळीकडे झाले नाही. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली तिची कुस्ती राष्ट्रीय तालीम संघाच्या विरोधामुळे रद्द झाली. कोल्हापुरात पुरुषाला हरवल्यावर प्रेक्षकांनी तिची हुर्यो उडवली आणि दगड मारले. तिने मुंबई राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडेही दाद मागितली.

पुढचा भाग अधिक कडू आहे. युरोपात जाऊन कुस्ती खेळण्याचा तिचा बेत होता. तो वस्तादाला पसंत नव्हता. तिला थांबवण्यासाठी त्याने तिचे हात मोडले, असे तिच्या नातवाने पुढे पत्रकारांना सांगितले. त्यानंतर ती आखाड्यातून दिसेनाशी झाली. कल्याणमध्ये दूध विकून, जागा भाड्याने देऊन आणि हाती पैसा नसेल तेव्हा रस्त्याच्या कडेला घरचे खाण्याचे पदार्थ विकून तिने दिवस काढले. १९८६ मध्ये ती वारली. ४ मे २०२४ रोजी गूगलने तिचे चित्र आपल्या पानावर लावले तेव्हा कुठे अनेकांना तिचे नाव प्रथम कळले.

ही कहाणी इथे सांगण्याचे कारण आहे. मुलगी शरीराने कणखर होऊ शकते, पुरुषाला भारी पडू शकते, यात शंका राहू नये. पण ज्याने तिला डावपेच शिकवले आणि जो घरचा माणूस होता, त्याच्या हातून झालेल्या मारापासून ते डावपेच तिला वाचवू शकले नाहीत. क्लास निवडताना या दोन्ही गोष्टी मनात ठेवायला हव्यात.

धोका कुठून येतो?

आत्मसंरक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अंधारी गल्ली आणि अनोळखी गुंड येतो. आकडे वेगळे सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत वर्षानुवर्षे दिसते की बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांपैकी ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, घरमालक, मित्र, कामावरचा साहेब. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून झालेली हिंसा सोसल्याचे सांगितले.

आणि बदलापूर तर आपल्याच लाइनवर. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या एका शाळेत बालवाडीतल्या दोन लहानग्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. आरोप शाळेतल्याच सफाई कर्मचाऱ्यावर होता. २० ऑगस्टला संतापलेले लोक बदलापूर स्टेशनात रुळांवर उतरले आणि कित्येक तास गाड्या बंद राहिल्या. तक्रार नोंदवायला झालेल्या उशिराबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन यंत्रणेला फटकारले.

चार वर्षांच्या मुलीला कोणताही कराटे वाचवू शकत नाही. तिला मोठ्यांचे लक्षच वाचवते. म्हणून क्लास शोधणाऱ्या आई-बापांनी दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. हा क्लास माझ्या मुलीला काय शिकवेल? आणि या क्लासमध्ये माझी मुलगी स्वतः किती सुरक्षित असेल? बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात आणि दुसरा विसरतात.

नेमके काय शिकायला हवे?

कॅनडातील तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या सुमारे ९०० विद्यार्थिनींवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलींना फक्त माहितीपत्रके दिली, निम्म्यांना एकूण १२ तासांचे प्रशिक्षण दिले. वर्षभरानंतर पाहिले तर माहितीपत्रके मिळालेल्या गटात बलात्काराला बळी पडण्याचे प्रमाण ९.८ टक्के होते, प्रशिक्षण घेतलेल्या गटात ५.२ टक्के. फरक जवळजवळ निम्म्याचा.

त्या १२ तासांत काय होते, हे महत्त्वाचे आहे. लाथा-बुक्क्या हा त्यातला एक भाग होता. उरलेल्या वेळात मुलींना शिकवले गेले की ओळखीचा माणूस हद्द ओलांडतो आहे हे कसे ओळखायचे, 'याला वाईट वाटेल' किंवा 'लोक काय म्हणतील' या संकोचातून बाहेर कसे यायचे, मोठ्याने 'नाही' कसे म्हणायचे, आणि मग हातपाय कसे चालवायचे.

आपल्या घरांत याला आणखी महत्त्व आहे. आपण मुलींना हळू बोलायला शिकवतो, मोठ्यांपुढे मान खाली घालायला शिकवतो. अदब ही चांगली गोष्ट आहे. पण लोकलच्या गर्दीत कुणी अंगाला हात लावला तर त्याच मुलीने मान वर करून, पूर्ण डबा वळून बघेल अशा आवाजात ओरडायला हवे. हे आपोआप येत नाही, सराव करावा लागतो. ज्या क्लासमध्ये मुलींकडून ओरडण्याचा सराव करून घेतात, तिथे अर्धे काम होते.

चांगल्या आत्मसंरक्षण वर्गात साधारण या गोष्टी असतात:

मनगट धरले, केस ओढले, ओढणी मागून खेचली, भिंतीशी दाबून धरले, मागून कवळा घातला, अशा प्रसंगांतून सुटका.

सुटल्यावर पळणे. हा भाग अनेक क्लासमध्ये विसरतात. समोरच्याला लोळवेपर्यंत लढणे सिनेमात ठीक आहे. खऱ्या प्रसंगात दोन सेकंद मिळाले की उजेडाकडे, माणसांकडे, दुकानाकडे धावायचे.

पडायचे कसे. डोके न आपटता पडता आले तर रस्त्यावरच्या अपघातातही उपयोग होतो.

रोजच्या कपड्यांत सराव. पांढऱ्या ड्रेसमध्ये जमणारी लाथ सलवार-कमीज, बुरखा आणि चपलांमध्ये जमतेच असे नाही. महिन्यातून एक-दोनदा दप्तर पाठीला लावून, बाहेरच्या कपड्यांत सराव करून घेणारे सर किंवा मॅडम सापडल्या तर त्यांना सोडू नका.

आणि समोरचा जोडीदार खरोखर विरोध करत असताना केलेला सराव. हवेत कितीही सुंदर ठोसे मारले तरी कुणी घट्ट धरल्यावर काय होते, हे धरल्याशिवाय कळत नाही.

कराटे, ज्युदो, बॉक्सिंग: कोणते घ्यावे?

प्रत्येक विद्येचा स्वभाव वेगळा असतो. कराटे ओकिनावा बेटांवर वाढले आणि १९२० च्या दशकात गिचिन फुनाकोशी यांच्यासारख्या शिक्षकांनी ते जपानच्या मुख्य भूमीवर नेले. त्यात ठोसे, लाथा, अडवणूक आणि 'काता' म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका असते. शिस्त, तोल आणि चपळता चांगली येते. तायक्वांदो कोरियाचे, त्यात लाथांवर भर. ज्युदो जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत सुरू केले. त्यात पकड, फेक आणि जमिनीवरची झटापट असते. ठोसे नसतात, पण अंगाशी आलेल्या माणसाला हाताळण्याची सवय लागते, आणि पडायला तर उत्तमच शिकवतात. बॉक्सिंगमध्ये पाय आणि अंतर यांची जाण येते, मार बसला तरी गांगरून न जाण्याची सवय होते. आपली कुस्ती तर घरचीच आहे. कोल्हापूरकडचे मर्दानी खेळ, लाठी-काठी यांनीही अंगात दम आणि नजरेत धाक येतो.

यात कोणता प्रकार सर्वश्रेष्ठ, यावर शिकवणारे तासन्तास भांडू शकतात. घरच्यांसाठी उत्तर सोपे आहे. चालत जाता येईल अशा अंतरावर जो शिक्षक सर्वांत चांगला आहे, त्याची विद्या घ्या. कॅम्प ५ ला कितीही नावाजलेला क्लास असला आणि मुलीला कॅम्प १ हून दोन रिक्षा बदलून रात्री नऊला परत यावे लागत असेल, तर सुरक्षिततेसाठी क्लास लावून आपण रोज नवी जोखीम घेतो. शिवाय दूरचा क्लास पावसाळ्यात सुटतोच.

लहान मुलांसाठी, म्हणजे सात-आठ वर्षांच्या आतल्यांसाठी, प्रकाराचा विचारच करू नका. त्यांना उड्या, कोलांट्या, तोल, खेळ आणि 'नाही, मला हात लावू नका' हे ठणकावून सांगणे एवढे आले तरी पुरे.

एक तास बसून पाहा

नाव घालण्याआधी क्लासला जा आणि पूर्ण एक तास बसा. सरांशी गोड बोलून परत येऊ नका, बसून पाहा. आई-वडिलांना बसू देत नाहीत, 'मुलांचे लक्ष विचलित होते' असे सांगतात, तिथून सरळ परत फिरा. रोज बसायची गरज नाही. पण कधीही, न सांगता, येऊन बसता आले पाहिजे.

काय पाहायचे? एका शिक्षकाच्या हाताखाली किती मुले आहेत. ४० मुले आणि एक सर असतील तर तिथे कवायत होते, शिकवणे होत नाही. जमीन कशी आहे. फेकण्या-पाडण्याचा सराव मॅटशिवाय, सिमेंटच्या गच्चीवर होत असेल तर तो क्लास नको. दुखापत झाली तर प्रथमोपचाराची पेटी आहे का, आणि ती उघडणाऱ्याला त्यातले काही समजते का. मुलांना मधे पाणी प्यायला सोडतात का. पाणी न पिऊ देणे म्हणजे कडक शिस्त असे समजणारे शिक्षक अजूनही आहेत. मे महिन्यात हा वेडेपणा जिवावर बेतू शकतो.

मुलांच्या डोक्यावर आणि तोंडावर मारू देतात का, तेही पाहा. वाढत्या वयात डोक्याला वारंवार बसणारे धक्के धोक्याचे असतात. भांडतानासुद्धा चेहऱ्यावर मारू नका, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण हदीसच्या ग्रंथांत आहे. ती या क्लासलाही लागू करायला हरकत नाही. पाय फाकवण्यासाठी मुलाच्या पाठीवर बसून दाबणे, दहा वर्षांच्या मुलाकडून कवले-विटा फोडून घेणे, हे प्रकार दिसले की समजावे की इथे मुलाच्या सांध्यांपेक्षा व्हिडिओची काळजी जास्त आहे.

आणि सरांचे बोलणे ऐका. कच्च्या मुलाची टिंगल होते का? मुलगी नीट करू शकली नाही तर 'जा घरी, पोळ्या लाट' असे म्हणतात का? ज्या जागी मुलीला रोज कमी लेखले जाते, तिथे ती हिंमत शिकणार नाही.

नंतर सरांना बाजूला घेऊन सरळ विचारा:

"सर, मुलींना कोण शिकवतं? तुम्ही नसाल तेव्हा कोण असतं?"

"सर, तुम्ही कुणाकडे शिकलात? त्यांना भेटता येईल का?"

"पकड शिकवताना मुलीचा जोडीदार कोण असतो?"

"महिन्याची फी सोडून वर्षभरात आणखी काय काय द्यावं लागतं?"

"एखाद्या दिवशी मुलगी म्हणाली की आज मला सराव नको, तर तिला कारण सांगावं लागतं का?"

शेवटचा प्रश्न मासिक पाळीच्या दिवसांसाठी आहे. समजदार शिक्षक त्याचे उत्तर एका वाक्यात देतो. प्रश्न ऐकून चिडणारा शिक्षक उत्तर न देताही बरेच सांगून जातो.

क्लासमध्येच मूल सुरक्षित आहे ना?

मार्शल आर्टच्या शिक्षकाला मुलांच्या अंगाला हात लावावा लागतो. पाय नीट ठेवायला सांगताना, पकड दाखवताना हे होतेच. त्याचा मुलांवर दराराही असतो. 'सर सांगतील ते करायचे' ही तिथली शिस्त. म्हणूनच इथे नियम अधिक स्पष्ट हवेत.

कुणाही मुलाला किंवा मुलीला बंद खोलीत एकट्याने शिकवायचे नाही. 'तुझ्यात गुण आहेत, तुला वेगळे शिकवतो' हे ऐकायला छान वाटते, पण तेही आई-वडिलांच्या समोरच व्हावे. कपडे बदलण्याची जागा वेगळी आणि आतून कडी लागणारी हवी, नाहीतर मुलगी घरूनच ड्रेस घालून जाईल. सरांनी मुलांशी खासगी मेसेज करू नयेत. जे सांगायचे ते पालकांच्या ग्रुपवर. स्पर्धेसाठी बाहेरगावी मुक्काम असेल तर सोबत महिला शिक्षिका किंवा काही माता असल्याच पाहिजेत. फोटो आणि व्हिडिओ टाकण्याआधी विचारले पाहिजे.

बदलापूरच्या घटनेनंतर राज्य सरकारने शाळांना सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीचे आदेश दिले. ते आदेश शाळांसाठी आहेत. गल्लीतल्या खासगी क्लासला शिक्षण खाते विचारायला येत नाही, तेव्हा तिथे आपणच विचारायचे. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला मिळतो. चार पालकांनी मिळून नम्रपणे सांगितले, "सर, सगळ्यांच्या समाधानासाठी दाखला काढून लावा," तर चांगल्या माणसाला त्यात अपमान वाटण्याचे कारण नाही.

आणि मुलांना एक वाक्य घरून शिकवून पाठवा: सरांनी 'हे घरी सांगू नको' असे म्हटले, तर तीच गोष्ट सर्वांत आधी घरी सांगायची. मूल सांगायला आले तर पहिल्या क्षणी त्याला रागावू नका, 'तू तिथे गेलीसच कशाला' असे विचारू नका. १८ वर्षांखालील मुलांवरील लैंगिक अत्याचारासाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. त्यानुसार असा गुन्हा ज्याला माहीत होतो त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. बदनामीच्या भीतीने मोहल्ल्यातच मिटवामिटवी करणे हे कायद्याच्या विरुद्ध आहे, आणि पुढच्या मुलावर केलेला अन्यायही आहे. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ आणि कोणत्याही तातडीसाठी ११२ हे क्रमांक घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असावेत.

पडदा, नमाज आणि वाकून सलाम

आपल्या घरांत हे प्रश्न येणारच, आणि ते आधीच विचारलेले बरे.

ताकद कमावणे दीनच्या विरोधात आहे, असे म्हणणाऱ्यांनी प्रेषितांचे (स.) चरित्र पुन्हा वाचावे. कमकुवत मोमिनपेक्षा बलवान मोमिन अल्लाहला अधिक प्रिय असल्याचे आणि भलाई दोघांतही असल्याचे त्यांनी सांगितले. रुकाना या नामांकित मल्लाशी त्यांनी कुस्ती केली आणि हजरत आयेशा (र.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली, या रिवायती प्रसिद्ध आहेत. उहुदच्या रणांगणात उम्मे उमारा, म्हणजे हजरत नुसैबा (र.), प्रेषितांच्या (स.) रक्षणासाठी तलवार घेऊन उभ्या राहिल्या.

हिजाबची अडचण आता पूर्वीइतकी नाही. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सौदी अरेबियाची वोजदान शहरखानी डोके झाकून ज्युदो खेळली, तेव्हा त्यावर मोठी चर्चा झाली होती. २०१६ मध्ये रिओत इराणच्या किमिया अलीजादेने हिजाबसह तायक्वांदोचे कांस्यपदक मिळवले. टोकियो ऑलिम्पिकमध्ये कराटेचे सुवर्णपदक जिंकणारी इजिप्तची फेरियाल अब्दुलअजीज हीसुद्धा हिजाब घालूनच खेळली. गल्लीतल्या क्लासमध्ये मात्र पिन न लावता, घट्ट बसणारा स्कार्फ घालावा. पिन टोचण्याचा धोका असतो आणि सैल ओढणी गळ्याभोवती आवळू शकते.

मुलींसाठी वेगळी बॅच आणि महिला शिक्षिका मिळाली तर सर्वांत चांगले. वेगळी बॅच नसेल तर पकडीच्या सरावात मुलीला मुलीचाच जोडीदार मिळेल का, हे विचारा. पुरेशा मुली नसतील तर मोहल्ल्यातल्या आठ-दहा मुलींनी एकत्र नाव घातले की बहुतेक सर स्वतःहून बॅच काढतात. आपल्या उल्हासनगरात बाजूच्या सिंधी, मराठी, उत्तर भारतीय घरांतल्या आयांनाही हीच चिंता असते. त्यांनाही सोबत घ्या.

क्लासच्या सुरुवातीला वाकून अभिवादन करण्याची जपानी-कोरियन पद्धत असते. काही ठिकाणी भिंतीवरच्या संस्थापकांच्या तसबिरीपुढेही वाकतात. काही उलेमा याला केवळ रिवाज समजून मोकळीक देतात, काही मनाई करतात. ज्यांना मान्य नाही त्यांनी वाद न घालता पहिल्याच दिवशी सांगावे: "सर, आमची मुलगी छातीवर हात ठेवून सलाम करील, वाकणार नाही. चालेल ना?" बहुतेक शिक्षकांना ते चालते. तसेच मगरिबच्या वेळी दहा मिनिटे मिळतील का, रमजानमध्ये सराव हलका होईल का किंवा वेळ बदलेल का, हेही आधी बोलून ठेवा.

पट्टे, परीक्षा आणि सर्टिफिकेट

मासिक फी कमी दाखवून बाकीचे पैसे इतर वाटांनी घेणारे क्लास असतात. प्रवेश फी, ड्रेस, संरक्षक साहित्य, दर तीन-चार महिन्यांनी पट्ट्याची परीक्षा, स्पर्धेची फी, ट्रॉफी, वार्षिक नोंदणी, हे सगळे धरून वर्षाचा आकडा काढा आणि मग दोन क्लासची तुलना करा. वर्षाचे पैसे एकदम भरू नका, आधी एक महिना पाहा.

पट्टा म्हणजे शिकण्यातली पायरी. काळ्या पट्ट्याला नियमित सरावाची काही वर्षे लागतात. वर्षभरात काळा पट्टा देतो म्हणणारा पट्टा विकतो आहे. त्याहून वाईट म्हणजे असा पट्टा मुलीच्या मनात खोटा भरवसा तयार करतो. अडचणीच्या वेळी पळायचे सोडून ती लढायला उभी राहील.

दहावी-बारावीत खेळाचे सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीत खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण यांच्या आशेने काही पालक मुलांना घालतात. आशा रास्त आहे. पण कोणत्याही क्लासची स्पर्धा आणि कोणतेही सर्टिफिकेट त्याला चालत नाही, त्याचे निकष ठरलेले असतात. कराटेसारख्या खेळात तर भरमसाट संघटना आहेत आणि प्रत्येकीच्या नावात 'इंटरनॅशनल' असते. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन कोणत्या स्पर्धा ग्राह्य आहेत ते विचारा, मगच पैसे भरा.

फी परवडत नसेल तरी वाट बंद नाही. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांतील सहावी ते बारावीच्या मुलींसाठी तीन महिन्यांचे 'रानी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण' आहे. आपल्या मुलीच्या शाळेत ते होते का, हे मुख्याध्यापकांना विचारा. होत नसेल तर पालकसभेत मागणी करा.

कायदा काय म्हणतो?

आत्मसंरक्षण हा कायद्याने दिलेला हक्क आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ यांत तो सांगितला आहे. स्वतःच्याच नव्हे तर दुसऱ्याच्या शरीराच्या रक्षणासाठीही तो वापरता येतो. जिवावरचा हल्ला, बलात्काराचा प्रयत्न, ॲसिड फेकणे अशा प्रसंगी या हक्काची मर्यादा फार पुढे जाते. मात्र बचावासाठी जेवढे गरजेचे आहे तेवढेच बळ वापरायचे, ही अट आहे. हल्लेखोर पळून गेल्यावर त्याला गाठून मारणे हा बचाव नव्हे. चांगला शिक्षक हेही शिकवतो. रागाच्या क्षणी स्वतःला आवरतो तोच खरा पहेलवान, ही प्रेषितांची (स.) शिकवण आणि हा कायदा एकाच दिशेला बोट दाखवतात.

मुलांनाही घाला, आणि घरातही पाहा

आपण मुलींना कराटेला घालतो आणि मुलांना मोकळे सोडतो. मुलांवरही अत्याचार होतात आणि ते लाजेने बोलत नाहीत. शिवाय ज्या मुलाला सरावात जोडीदाराने 'थांब' म्हटल्याबरोबर हात सोडायची सवय लागते, त्याला घराबाहेरही 'नाही' या शब्दाचा अर्थ कळतो.

निजामाबादच्या निखत जरीनने २०२२ आणि २०२३ मध्ये बॉक्सिंगची जागतिक अजिंक्यपदे जिंकली. तिला मैदानावर नेणारे तिचे वडील होते, आणि नातेवाइकांची कुजबुज त्यांनी आपल्या अंगावर घेतली. हमीदा बानूला असा आधार मिळाला नाही. दोघींच्या मनगटात ताकद होती, घरे मात्र वेगळी होती. मुलीने क्लासमध्ये 'नाही' म्हणायला शिकावे आणि घरात मात्र तिच्या 'नाही'ला किंमत नसावी, असे चालत नाही. आईवर हात उगारला जाणाऱ्या घरातली मुलगी कोणत्या धड्यावर विश्वास ठेवेल?

येत्या रविवारी घराजवळचे दोन-तीन क्लास पाहून या. मुलीला सोबत न्या, आणि परतताना तिला विचारा, "बेटा, तुला कुठे बरं वाटलं?" तिचे उत्तर पूर्ण ऐकून घ्या. एखाद्या सरांबद्दल ती 'माहीत नाही, पण नको' एवढेच म्हणाली, तरी तेवढे कारण पुरेसे माना. धोका ओळखण्याची तिची पहिली परीक्षा तिथेच झालेली असेल, आणि आपण तिचे ऐकले हे तिच्या लक्षात राहील. पुढे कधी खरोखर काही घडले तर ती आधी आपल्याकडेच येईल, इन्शाअल्लाह.